साडेतेरा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को किती लांब आहे, हा प्रश्न एके काळी भूगोलाच्या पेपरात शोभला असता. आता तो आमच्या पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या घरांत चहाच्या टेबलावर येऊन बसला आहे. कुणाचा मुलगा सनीव्हेलला असतो, कुणाची लेक फ्रीमाँटला नांदते, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात आणि सासूबाई मेतकूट, डिंकाचे लाडू व अळीव बांधून तयार असतात. या सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : किती अंतर आणि किती वेळ?

अंतराचे उत्तर सोपे आहे. पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळच्या वाटेने मोजले, तर मुंबईचा विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांत सुमारे १३,५०० किलोमीटर भरतात. म्हणजे ८,४०० मैल. आजचे मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. मी मराठीचा अध्यापक; गणिताशी माझा संबंध त्रैराशिकापुरताच. पण हे त्रैराशिक तिसरीतला मुलगाही सोडवील : १३,५०० भागिले ९००, बरोबर पंधरा तास. आणि तरीसुद्धा पंधरा तासांत पोचलेला माणूस मला अजून भेटावयाचा आहे. कुणी म्हणतो सतरा, कुणी म्हणतो बावीस, कुणी अठ्ठावीस, आणि सांगणाऱ्यांपैकी कुणीही खोटे बोलत नसतो. मग हे तास जातात कुठे? त्याचाच हा शोध.

प्रथम ती ‘जवळात जवळची वाट’ कोणती ते पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबईवरून उजवीकडे बोट फिरवीत जावे, तर बोट बंगालचा उपसागर, चीन, जपान आणि सारा प्रशांत महासागर ओलांडून कॅलिफोर्नियाला टेकते. ही वाट सरळ दिसते, म्हणून तीच जवळची असे आपण समजतो. पण हा नकाशा आपणांस १५६९ सालापासून फसवीत आला आहे. त्या वर्षी मर्केटर नावाच्या नकाशाकाराने गोल पृथ्वी सपाट कागदावर उलगडण्याची एक युक्ती काढली. खलाशांच्या दृष्टीने ती फार सोयीची होती. परंतु तीत उत्तरेकडचे प्रदेश रबरासारखे ताणले जातात आणि अंतरांचा सगळा मेळ बिघडतो. नकाशावरच्या त्या ‘सरळ’ रेषेने खरोखर गेलो, तर सोळा हजार किलोमीटरांहून अधिक पडतात. म्हणजे सरळ जाण्याच्या हट्टापायी अडीच हजार किलोमीटर जास्त!

खरी वाट पाहावयाची असेल, तर मुलांचा पृथ्वीचा गोल घ्यावा आणि शिवणाच्या पेटीतला दोरा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणावा. तो पूर्वेला जात नाही आणि पश्चिमेलाही जात नाही. तो चक्क उत्तरेला निघतो. मुंबईहून किंचित पूर्वेकडे झुकून लडाख, मग चीनचा पश्चिम भाग, मग सायबेरिया, तिथून ७७ अंश अक्षांशापर्यंत थेट उत्तर ध्रुवसमुद्रात, आणि तिकडून उतरून अलास्का-कॅनडाच्या बाजूने कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाला जाण्याचा जवळचा रस्ता लडाखवरून आहे, हे आमच्या शेजारच्या एका आजोबांना दोरा हातात देईपर्यंत पटले नव्हते. दोरा ताणल्यावर ते एवढेच म्हणाले, “म्हणजे आपला नातू वरच्या अंगाला राहतो म्हणा की!”

याचे कारण रेखांशांत आहे. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये जवळजवळ १६५ रेखांश आहेत. १८० झाले असते, तर दोन्ही गावे नेमकी पाठीला पाठ लावून बसली असती. अशा दोन गावांचे एक गमतीचे वैशिष्ट्य असते. तुम्ही पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून जा, फरक फार पडत नाही. वाटेत एकदा विमान बदलावयाचे झाल्यास पाहा : दुबईमार्गे गेलात, तर दोन्ही टप्पे मिळून सुमारे १५,००० किलोमीटर, हाँगकाँगमार्गे सुमारे १५,४००, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमार्गे सुमारे १५,७००. एक गाव आखातात, एक चीनच्या किनाऱ्याला, एक युरोपच्या मध्यावर, आणि तिन्ही वाटांत अंतराचा फरक पुणे-नागपूर इतकाच. सिंगापूरमार्गे मात्र साडेसतरा हजार होतात; तो खरा वळसा. तेव्हा ट्रॅव्हल एजंटाने युरोपची वाट सुचविली, तर “उलट्या दिशेने कशाला पाठवता?” म्हणून त्याच्याशी वाद घालू नये.

आता तो दोरा विमान का पाळीत नाही? दोऱ्याखाली हिमालय, काराकोरम आणि तिबेटच्या बाजूचे पठार येते. विमान ३५-४० हजार फुटांवरून उडते आणि पर्वत फार तर २९ हजार, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. भीती पर्वताला आपटण्याची नाही. एवढ्या उंचीवर माणसाला श्वास घेता यावा म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. तो दाब काही कारणाने गेला, तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. पण त्यांतला प्राणवायू पुरतो काही मिनिटे, तास नव्हे. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे १०,००० फुटांवर आणावयाचे असते, कारण तिथे माणूस आपल्या नाकाने श्वास घेऊ शकतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी १४-१५ हजार फुटांवर आहे! खाली उतरावयाचे, तर जागा नाही. म्हणून विमानकंपन्या त्या पठाराला शक्य तो वळसा घालतात.

दुसरा अडथळा माणसांनी केलेला. आकाशाला कुंपण नाही असे कवी म्हणतात; विमानचालकाला विचारा, तो हसेल. प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते आणि भांडण झाले की ते सर्वांत आधी बंद होते. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश जुलैपर्यंत जवळजवळ पूर्ण बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर त्याने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेकडे निघालेल्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावे लागले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांना ते मोकळे राहिले. परिणाम असा, की त्याच दोन गावांमधली वाट एका कंपनीला जवळची आणि दुसरीला लांबची झाली. शाळेत आपण अंतर ही स्थिर गोष्ट म्हणून शिकलो. विमानाच्या जगात अंतर हे राजकारणाप्रमाणे वाढते आणि घटते.

रशियाचे आकाश मोकळे असण्यात धोकाही असतो, तो २०२३ च्या जूनमध्ये दिसला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान एंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान या गावी उतरले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. मगदान हे नाव त्या दिवसापर्यंत आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? गाव लहान, राहण्याच्या सोयी बेताच्या, भाषा परकी. भारतातून दुसरे विमान गेले आणि त्यातून ही मंडळी ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोस पोचली. सोळा-सतरा तासांच्या प्रवासाला दोन दिवसांहून अधिक लागले. पण सगळी सुखरूप पोचली, हेही सांगितले पाहिजे. ज्या वाटेवर मगदानसारखे गावसुद्धा हाताशी नसेल, त्या वाटेने विमाने जातच नाहीत. एक एंजिन बंद पडले, तर दुसऱ्याच्या बळावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ सदैव जवळ असला पाहिजे, असा नियमच आहे, आणि त्यामुळेही वाट थोडी वाकडी होते.

पण वेळेचा सर्वांत मोठा चोर, आणि कधी कधी दाताही, म्हणजे वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरांपर्यंत जातो. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. यांचा शोध लागण्याची हकीकत भाषेच्या माणसाने तरी सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. १९२० नंतरच्या काही वर्षांत जपानमध्ये तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ आकाशात फुगे सोडीत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग घेत. वर गेल्यावर फुगा विलक्षण वेगाने पूर्वेला पळतो, हे त्यांनी टिपून ठेवले. हे ज्ञान साऱ्या जगाला मिळावे, म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्परांतो या जागतिक म्हणून बनविलेल्या भाषेत प्रसिद्ध केला. हेतू थोर होता. फळ असे मिळाले, की जगाने तो वाचलाच नाही! पुढे १९४४ साली जपानवर बाँब टाकण्यास निघालेली अमेरिकन विमाने त्या वाऱ्यात सापडली आणि बाँब भलतीकडेच पडू लागले, तेव्हा कुठे अमेरिकनांना या वाऱ्याचा खरा प्रत्यय आला. सर्वांसाठी म्हणून जी भाषा केली, ती कुणाचीच नव्हती. माझ्या वर्गात ही गोष्ट मी दर वर्षी एकदा सांगतो.

या वाऱ्याचा हिशेब साधा आहे. समोरून शंभराचा वारा असेल, तर ९०० चे विमान जमिनीच्या दृष्टीने ८०० नेच सरकते आणि आपल्या १३,५०० किलोमीटरांना जवळजवळ सतरा तास लागतात. तोच शंभराचा वारा पाठीला असेल, तर वेग हजार आणि तास साडेतेरा. विमान तेच, अंतर तेच, फरक साडेतीन तासांचा. काही जण याचे श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला देतात. “विमान वर नुसते थांबून राहिले, तर खालून अमेरिका आपोआप येणार नाही का?” असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. येणार नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेबरोबर विमान. नाही तर उडी मारणारा प्रत्येक मुलगा शेजारच्या वाड्यात पडला असता.

वाऱ्याचा फायदा केवढा घेता येतो, त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने वाट उलटी केली : पूर्वेला निघून प्रशांत महासागरावरून. या नव्या वाटेने अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर अधिक. आणि वेळ? साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास कमी! लांबच्या वाटेने लवकर पोचण्याचा असा चमत्कार फक्त पाठीवरच्या वाऱ्यालाच साधतो. २००५ च्या नोव्हेंबरात बोइंगच्या ७७७-२००एलआर जातीच्या विमानाने हाँगकाँगहून लंडनला जाताना जवळची पश्चिमेची वाट सोडून मुद्दाम पूर्वेची धरली आणि कुठेही न उतरता २१,६०२ किलोमीटर अंतर २२ तास ४२ मिनिटांत तोडले. तो विक्रमासाठी केलेला प्रवास होता. पण पुढे याच जातीची विमाने आपल्याकडच्या लांब वाटांवर आली.

या विमानाच्या पोटात सुमारे १,८०,००० लिटर इंधन मावते. भरल्या पोटी उडताना त्याचे वजन ३४० टनांच्या वर जाते आणि त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भार नुसत्या इंधनाचा असतो. गंमत अशी, की शेवटच्या तासाला लागणारे इंधन आधीचे पंधरा तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळावे लागते. दुष्काळातला पाण्याचा टँकर वाटेत स्वतःच पाणी पीत गेला तर व्हावे तसे. म्हणून फार लांबच्या प्रवासात मध्ये कुठे उतरून पुन्हा भरणे कधी कधी स्वस्त पडते आणि विनाथांबा सेवा सुरू होतात, बंद होतात, पुन्हा सुरू होतात. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को विनाथांबा सेवा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली. पण अशा सेवा इंधन, युद्ध आणि वारा यांच्या लहरीवर असतात. तिकीट काढतेवेळी त्या आठवड्यात काय चालू आहे, याची चौकशी केलेली बरी.

इथे शब्दांविषयी एक सूचना. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे दोन शब्द एजंटाच्या तोंडी एकसारखे येतात, पण ते एक नव्हेत. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकते. फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. आपल्या एस. टी. ने हा घोटाळा फार पूर्वीच सोडविला आहे : तिच्या पाटीवर स्वच्छ ‘विनाथांबा’ लिहिलेले असते. वृद्ध आईवडिलांना एकटे पाठविताना एजंटाला मराठीत विचारावे, “विनाथांबा आहे का?” आणि उत्तर लिहून घ्यावे.

ध्रुवाची वाटही आता दंतकथा उरलेली नाही. २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला एअर इंडियाचे पहिले विनाथांबा विमान उत्तर ध्रुवावरून आले आणि त्याच्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या : कॅप्टन झोया अगरवाल, पापागारी थन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. चार वैमानिक अशासाठी, की एवढा वेळ दोघांना सलग चालविणे शक्य नाही. दोघे चालवितात, तेव्हा दोघे झोपतात. ध्रुवाकडे होकायंत्र भांबावते, म्हणून दुसऱ्या यंत्रांवर विसंबावे लागते. बाहेरची थंडी उणे साठ अंशांच्या आसपास उतरू शकते आणि विमानाचे इंधन उणे ४७ च्या सुमारास गोठू लागते. तेव्हा इंधनाच्या तपमानाकडे डोळा ठेवून, वेळ पडल्यास खाली उतरून उबेचा थर गाठावा लागतो. हे विमान शनिवारी ९ जानेवारीला रात्री साडेआठला निघाले आणि सोमवारी ११ जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास बंगळूरला टेकले. मधला रविवार कुठे गेला? तो आकाशातच उगवला आणि आकाशातच मावळला. प्रत्यक्षात तास मोजावे, तर सतराच.

आमच्या मागच्या पिढ्यांनी हे ऐकले असते, तर काय म्हटले असते? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, ५८ दिवस. आणि न्यूयॉर्क ते कॅलिफोर्निया हा सबंध खंड पुढे शिल्लकच! वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमार्गे कॅलिफोर्नियात पोचले, गदर चळवळीत पडले, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. त्यांना उघडपणे मायदेशी येण्यास स्वातंत्र्यच मिळावे लागले. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले, प्रवासी ३५. १९६० च्या मे महिन्यात एअर-इंडियाचे बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. त्या काळी परदेशी निघालेल्या मुलाला हार घालावयास सांताक्रूझला बस करून नातेवाईक जात. एकदा गेलेला मुलगा तीन-चार वर्षे दिसणार नाही, हे हार घालणाऱ्यालाही ठाऊक असे आणि घालून घेणाऱ्यालाही.

आता तसे नाही. म्हणूनच तासांचा प्रश्न अधिक बोचरा झाला आहे. जिथे पोचणे शक्यच नव्हते, तिथे कुणी वाट पाहत नसे.

२०२३ च्या माघातली गोष्ट. पहाटे पावणेचारला आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी दार वाजविले. काका रुग्णालयात गेले होते, तासापूर्वी. एकुलता मुलगा कॅलिफोर्नियात. घरात दीर, पुतणे, दोन शेजारी जमलेले. दिरांचे म्हणणे, सूर्य मावळण्यापूर्वी सर्व आटोपावे. मुलगा काही आता पोचत नाही, तो दिवसांना येईल. काकू काही बोलत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, “सर, तुम्ही नेहमी हे तासांचे सांगत असता. एकदा नीट मोजून सांगा. तो किती वाजता दारात उभा राहील?”

मी कागद घेतला. त्याच्याकडे आदल्या दिवसाची दुपार, सव्वादोन. फोन होऊन गेला होता. त्याला रात्री आठचे विमान मिळत होते. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. युरोपपर्यंत अकरा तास : रात्रीचे साडेआठ. तिथे विमान बदलावयास तीन तास : साडेअकरा. तिथून मुंबई सव्वाआठ तास, पाठीला वारा धरून : दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ. पासपोर्ट आणि सामान एक तास. सामान हातातलेच घे म्हणून त्याला कळविले. मुंबई-पुणे चार तास. पावणेएक. त्यात घाटासाठी एक तास जास्तीचा धरला. पावणेदोन. एकंदर चौतीस तास.

काकूंनी तो कागद हातात घेऊन वाचला. मग दिरांना म्हणाल्या, “भाऊजी, चौतीस तासच आहेत. मामंजी गेले, तेव्हा हे नागपूरला होते. तार मिळून, गाडी मिळून हे पोचले, तेव्हा दुसरी संध्याकाळ झाली होती आणि तुम्ही सगळे थांबला होतात. आपण थांबू.” दीर गप्प राहिले; मग त्यांनीच रुग्णालयात फोन करून शवागाराची व्यवस्था केली.

मुलगा दीड वाजता आला. घाटात एक ट्रक आडवा झाला होता. जास्तीचा धरलेला तास जवळजवळ पुरता खर्ची पडला. अंगावर तिकडचे जाड जाकीट आणि पाठीवर एक पिशवी, एवढेच. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, की विमानाच्या वेळापत्रकातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरी असा वाचला जातो. त्यानंतर इमारतीतल्या तीन-चार घरांनी माझ्याकडून असे कागद लिहून घेतले आहेत. पासपोर्ट आणि व्हिसाची मुदत तपासून ठेवावी, मुंबईच्या गाडीवाल्याचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि हिवाळ्यात धुके दिल्लीला पडते म्हणून शक्य तो मुंबईचेच विमान घ्यावे, एवढे त्यांत खाली लिहिलेले असते. अशुभ बोलू नये, असे म्हणणाऱ्यांनी हा कागद शुभ कार्यालाही चालतो हे ध्यानात घ्यावे. बाळंतपणाला निघालेल्या सासूबाईंना तास हेच लागतात.

सासूबाईंसाठी आणखी थोडे. पोचल्यावर पहिले आठ-दहा दिवस रात्री दोन वाजता टक्क जाग येईल आणि दुपारी जेवताना डोळे मिटतील. तो वयाचा दोष नव्हे. शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण तासा-दीड तासानेच सरकते आणि इथे तर त्याला अर्धा दिवस सरकावयाचे असते. आनंदीबाईंच्या बोटीवर घड्याळ रोज थोडे थोडे मागे होई आणि शरीर त्याबरोबर चाले. विमानाने हा एक आराम हिरावून घेतला. बसून बसून पाय सुजतात, तेव्हा दर दोन तासांनी उठून फेरी मारावी. पाणी पीत राहावे. खिडकीची जागा मागू नये. खाली बहुतेक वेळ ढग किंवा काळोखच असतो आणि शेजारचा माणूस झोपला, की उठता येत नाही.

घड्याळाचे आणखी एक प्रकरण आहे. उन्हाळ्यात आपण कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आता हा नोव्हेंबरचा रविवार आमच्या दिवाळीच्या अंगावरच येतो. २०२४ साली तर तो नेमका भाऊबिजेला, ३ नोव्हेंबरलाच आला. आमच्या शेजारची ताई दर वर्षी भाऊबिजेला रात्री आठला ताम्हन, निरांजन मांडून फोनच्या पडद्यावर भावाला ओवाळते, कारण तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात असतात. त्या दिवशीही तिने आठलाच फोन लावला. तिकडे आदल्याच रात्री घड्याळ मागे गेले होते आणि साडेसहाच वाजले होते. रविवारची सकाळ. भाऊराया पांघरुणातून तोंड बाहेर काढून, डोळे मिटलेलेच, कपाळ पुढे करून म्हणाला, “ताई, ओवाळ, मी ऐकतोय.”